प्रत नको, पत्ता हवा

मोठा अहवाल बांधणाऱ्या कुणालाही विचारा, शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते. वाक्यरचनेची नसते, शुद्धलेखनाचीही नसते. कुणीतरी जाता जाता सांगतं, "तो आकडा बदललाय बरं का," त्या एका वाक्याची असते. कारण तो आकडा एका ठिकाणी नसतो. तो सारांशात असतो, तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्यात असतो, तक्त्यावरून काढलेल्या आलेखात असतो, आलेखाखालच्या ओळीत असतो आणि परिशिष्टात तर असतोच. मूळ एक्सेल फाइलमध्ये तो एकदाच आहे, बाकी सगळ्या त्याच्या प्रती. आणि मूळ बदललं हे प्रतींना कुणी कळवत नाही.

माझं रोजचं काम असे दस्तऐवज बांधण्याचं. इतरांनी लिहिलेली प्रकरणं, इतरांनी काढलेले आलेख, नकाशे, छायाचित्रं, तक्ते एकत्र आणायचे आणि त्यांतून एक सलग पुस्तक उभं करायचं. हे करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं आणि आता ते ठाम आहे. वर्ड प्रोसेसरमधला दस्तऐवज ही मांडणीची जागा आहे, साठवणीची नव्हे. चित्र, आलेख, तक्ता यांनी आपापल्या फाइलमध्ये राहावं आणि दस्तऐवजात त्यांचा पत्ता असावा. यालाच लिंक करणं म्हणतात.

लिंक करण्याच्या बाजूने बोलणारे सहसा फाइलच्या वजनापासून सुरुवात करतात. मुद्दा खरा आहे. पाच-पाच एमबीची साठ छायाचित्रं आत चिकटवली की तीनशे एमबी झाले, आणि एक स्वल्पविराम दुरुस्त करून सेव्ह केलं तरी हे सगळं ओझं पुन्हा हलवावं लागतं. ईमेलने तर ते जातच नाही. आमच्याकडे नव्याने आलेला एक मुलगा माझ्याकडून अडीचशे पानांचा दस्तऐवज घेऊन गेला आणि लगेच परत आला. "ताई, फाइल एवढीशीच कशी? चित्रं राहिली वाटतं." "राहिली नाहीत रे, शेजारच्या फोल्डरमध्ये आहेत. तो फोल्डरही ने." त्याला आश्चर्य वाटलं ते वजनाचं. पण माझ्या लेखी वजन हा सगळ्यात दुबळा मुद्दा आहे. डिस्क मोठ्या झाल्या, नेट वेगवान झालं, उद्या आणखी होईल. प्रती करण्यातला खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो कळायला वर्डच्या डॉकएक्स फाइलच्या पोटात डोकावावं लागतं.

ऑफिस 2007 पासून वर्डची नेहमीची फाइल ही मुळात एक झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं असते. एखाद्या फाइलची नक्कल घ्या, नावाच्या शेवटचं डॉकएक्स पुसून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर दिसेल. त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल असते, तो आपला मजकूर. तिच्या शेजारी 'मीडिया' नावाचा फोल्डर. आपण चिकटवलेली सगळी चित्रं तिथे येऊन पडलेली असतात आणि त्यांची नावं असतात इमेज1, इमेज2, इमेज3. मूळ फाइलला आपण विचार करून नाव दिलेलं असतं, कशाचा नकाशा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या प्रमाणावरचा. इथे त्या फाइलच्या अंगावर ते नाव राहत नाही. लिबरऑफिस या वर्डसारख्याच प्रोग्रॅमची ओडीटी फाइल उघडा, तीही झिपच. तिच्यात 'पिक्चर्स' नावाचा फोल्डर असतो आणि चित्रांची नावं म्हणजे आकड्या-अक्षरांच्या लांबलचक माळा. ते चित्र कुठून आलं, कुणी काढलं, त्याची नवी आवृत्ती कुठे मिळेल, यांतलं काहीही त्या माळेवरून कळत नाही. शिवाय वर्ड सेव्ह करताना मोठी चित्रं आपल्या अंदाजाने लहान करतो. ते नको असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन तशी खूण करावी लागते, आणि ती खूण तिथे आहे हे ठाऊक असणारे थोडेच.

पण त्या झिपमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली फाइल वेगळी आहे. 'अंडरस्कोअर रेल्स' असं विचित्र नाव असलेला एक फोल्डर असतो, त्यात एक छोटीशी फाइल असते आणि तिच्यात ओळीमागून ओळी. प्रत्येक ओळीत एक खूण, उदाहरणार्थ आरआयडी7, आणि त्या खुणेपुढे पत्ता: मीडिया, इमेज7. मजकुराच्या फाइलमध्ये जिथे चित्र दिसायला हवं तिथे चित्र नसतंच. तिथे लिहिलेलं असतं 'आरआयडी7'. म्हणजे आपण चित्र 'आत घातलं' असं समजतो तेव्हासुद्धा मजकुरात त्याचा पत्ताच असतो. लिंक केलेल्या चित्राची ओळही याच यादीत, याच रांगेत असते. फरक इतकाच की तिचा पत्ता झिपच्या बाहेरचा असतो आणि शेवटी 'टार्गेटमोड एक्स्टर्नल' एवढी पुरवणी असते. हे पाहिल्यावर माझ्या मनातली एक अढी गेली. लिंक करणं म्हणजे काहीतरी नाजूक, आडवाटेचं, तज्ज्ञांनी करायचं काम असं मला वाटायचं. प्रत्यक्षात दस्तऐवज पहिल्यापासून पत्त्यांवरच चाललेला असतो. तो पत्ता पोटातल्या नावपुसल्या नकलेकडे न्यायचा की बाहेरच्या, नावगाव असलेल्या मुळाकडे, एवढंच आपण ठरवतो.

करायचं कसं, ते सोपं आहे. वर्डमध्ये चित्र घालण्याची खिडकी उघडली की 'इन्सर्ट' बटणाच्या उजव्या कडेला एक बारीक बाण असतो. तो दाबला की तीन पर्याय दिसतात: नुसतं इन्सर्ट, 'लिंक टू फाइल' आणि 'इन्सर्ट अँड लिंक'. लिबरऑफिसमध्ये त्याच खिडकीत 'लिंक' नावाची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करायची. तशी खूण केली की लिबरऑफिस थांबून इशारा देतं: ही फाइल दस्तऐवजासोबत ठेवली जाणार नाही, ती हलवलीत किंवा तिचं नाव बदललंत तर धोका आहे, त्याऐवजी आत घालू का? मला हा इशारा अर्धवट वाटतो. लिंक तुटू शकते हे तो सांगतो, ते बरोबरच आहे. पण चित्र आत घालताना 'आता ही नक्कल झाली, मूळ बदललं तर इथे कळणार नाही' असा इशारा कुठलाच प्रोग्रॅम देत नाही. दोन धोक्यांपैकी एकाचीच घंटा वाजत असेल तर माणसं साहजिकच दुसऱ्या वाटेने जातात.

आणि त्या दोन धोक्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. तुटलेली लिंक ओरडते. चित्राच्या जागी रिकामी चौकट येते, लाल फुली येते, पान फाटल्यासारखं दिसतं, कुणाच्याही नजरेत भरतं. शिळी प्रत मात्र गप्प बसते. ती दिसायला नीटनेटकी असते, रंग बरोबर, अक्षरं बरोबर, फक्त मागच्या महिन्यातली असते. छापून झाल्यावर एखादा सावध वाचक तक्ता आणि आलेख शेजारी ठेवून विचारतो की इथे बेचाळीस आणि तिथे सत्तेचाळीस कसे, तेव्हा ती उघडी पडते. मला ओरडणारी चूक चालते. माझ्या कामात तरी मी तीच पत्करते.

लेटेकमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात आज्ञा लिहून पुस्तक जुळवणाऱ्या प्रणालीत, लिहिणाऱ्यांना या वादाचं नवल वाटतं, कारण त्यांच्यापुढे तो कधी उभाच राहिलेला नसतो. तिथे मजकुराची फाइल निव्वळ अक्षरांची असते, तिच्यात चित्र ठेवायला जागाच नाही. 'इन्क्लूडग्राफिक्स' लिहून चित्राच्या फाइलचं नाव द्यायचं, 'इनपुट' लिहून प्रकरणाच्या फाइलचं नाव द्यायचं. दर वेळी पुस्तक नव्याने जुळवलं जातं आणि त्या क्षणी डिस्कवर जे असेल ते आत येतं. फाइल सापडली नाही तर काम तिथेच थांबतं आणि कोणती फाइल हरवली ते नावासकट सांगितलं जातं. वेबपानांचंही तसंच. फेब्रुवारी 1993 मध्ये वेब ब्राउझर बनवणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र दाखवण्यासाठी आयएमजी टॅग सुचवला, तेव्हापासून चित्राचा पत्ता पानात आणि चित्र आपल्या जागी, हीच तिथली रीत आहे.

त्याच्याही आधी ही कल्पना फार सुंदर रूपात येऊन गेली होती. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड तयार केलं. पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढायची, तिला मूळ मानायचं आणि तिच्या हव्या तितक्या आवृत्त्या चित्रात जागोजागी ठेवायच्या. मुळात एक रेघ बदलली की सगळीकडे बदलायची. टेड नेल्सन यांनी 1960 मध्ये सुरू केलेल्या झॅनडू प्रकल्पामागचा ध्यासही याच जातीचा: एका लेखातला उतारा दुसऱ्या लेखात आणला तरी तो मुळाशी जोडलेला राहावा आणि वाचणाऱ्याला केव्हाही मूळ संदर्भापर्यंत जाता यावं. याला त्यांनी ट्रान्सक्लूजन म्हटलं. रोजच्या कार्यालयीन कामात ही कल्पना आली ती 1990 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या ओएलईतून, म्हणजे एका प्रोग्रॅममधली वस्तू दुसऱ्याच्या दस्तऐवजात आणण्याच्या व्यवस्थेतून. त्यात लिंक करणं आणि आत घालणं अशा दोन्ही सोयी शेजारी शेजारी होत्या. पाठोपाठ 1991 मध्ये ॲपलने मॅक संगणकांच्या सिस्टिम 7 सोबत एक देखणी व्यवस्था आणली. एका दस्तऐवजातला तुकडा 'प्रकाशित' करायचा, त्याची एक 'एडिशन' फाइल बनायची आणि बाकीच्या दस्तऐवजांनी तिचं वर्गणीदार व्हायचं. मूळ सेव्ह झालं की वर्गणीदारांकडे नवी आवृत्ती पोचायची. मॅक ओएस एक्समध्ये ती सोय उरली नाही. इतकी साधी आणि समजायला सोपी गोष्ट गेली याची मला खरंच हळहळ वाटते. हाताशी कॉपी-पेस्ट होतं, ते दोन कळांत व्हायचं, आणि दोन कळांपुढे शहाणपणाचं फारसं चालत नाही.

चित्रांपेक्षाही आकड्यांच्या लिंकमध्ये बारकावे जास्त आहेत, म्हणून तिथे जरा थांबते. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून वर्डमध्ये 'पेस्ट स्पेशल'मधून 'पेस्ट लिंक' केला की दिसायला तक्ता येतो, पण खाली असतं एक फील्ड, म्हणजे मजकुरात लपलेली एक आज्ञा. ऑल्ट आणि एफ9 दाबा, पडदा बाजूला सरतो आणि फील्ड उघडं दिसतं: लिंक, मग एक्सेलचं नाव, मग फाइलचा पूर्ण मार्ग, मग 'शीट1!आर5सी3' असं काहीतरी. आर म्हणजे ओळ, सी म्हणजे स्तंभ. पाचव्या ओळीतला तिसरा रकाना. इथे एक सापळा आहे. वर्डची फाइल बंद असताना कुणी एक्सेलमध्ये वरच्या बाजूला दोन ओळी घातल्या, तर आपला आकडा सातव्या ओळीत जातो आणि लिंक मात्र पाचव्याच ओळीकडे बोट दाखवत राहते. लिंक तुटत नाही, फुली येत नाही, आकडा येतो, पण भलताच. शिळ्या प्रतीचा दोष लिंकमध्ये शिरण्याची ही एक फट आहे. ती बुजवण्याचा उपाय एकच: एक्सेलमध्ये त्या रकान्याला किंवा पट्ट्याला नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'एकूण_लाभार्थी', आणि फील्डमध्ये आर-सीच्या जागी ते नाव लिहायचं. ओळी कितीही घाला, नाव आपल्या आकड्यासोबत सरकतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी दाखवते. पत्ता देताना जागेचा क्रमांक देऊ नये, नाव द्यावं, हे एकदा अंगवळणी पडलं की पुढचे कितीतरी घोळ होतच नाहीत.

ताजे आकडे कधी ओढायचे हेही आपल्या हाती ठेवावं. वर्डच्या लिंक्सच्या यादीत प्रत्येक लिंकसाठी आपोआप, हाताने किंवा कुलूपबंद असे पर्याय असतात. मी हाताने ठेवते. सकाळी बसले की सगळं निवडून एफ9 दाबते, काय बदललं ते डोळ्यांखालून घालते आणि मग लिहायला घेते. गुगल डॉक्समध्ये शीट्समधला आलेख लिंक करून आणला की मूळ बदलल्यावर आलेखाच्या कोपऱ्यात 'अपडेट' बटण येतं, ते आपण दाबेपर्यंत जुनाच दिसतो. ही रीत मला पटते. बदल झाल्याचं कळावं, पण तो स्वीकारण्याचा क्षण लिहिणाऱ्याने निवडावा. आलेखाखालचं वाक्य 'वाढ झाली' म्हणत असेल आणि नव्या आकड्यांत घट असेल, तर आलेख आपोआप बदलल्याने वाक्य खोटं पडतं, आणि वाक्य काही आपोआप बदलत नाही.

आता प्रतींची दुसरी, अंधारी बाजू. एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये 'एम्बेड' करून चिकटवला की आलेखापुरती माहिती आत जाते असा समज असतो. जातं अख्खं वर्कबुक. सगळ्या शीट्स, लपवलेल्यासुद्धा. त्या झिपमध्ये 'एम्बेडिंग्ज' नावाच्या फोल्डरात ते शांतपणे बसलेलं असतं. एका संस्थेचा अहवाल एकदा माझ्याकडे मांडणीसाठी आला. त्यातल्या एका आलेखावरचं अक्षर बारीक होतं म्हणून मी 'एडिट डेटा' म्हटलं, तर पूर्ण वर्कबुक उघडलं आणि खालच्या पट्टीवर एका शीटचं नाव दिसलं: पगार. माणसांची नावं, रकमा, सगळं. आलेखात यांतलं काहीही नव्हतं. मी फाइल बंद केली, पाठवणाऱ्यांना कळवलं आणि त्यांनी ती मागे घेतली. पण तोवर ती आणखी किती जणांकडे गेली असेल ते कोण सांगणार? छायाचित्र वर्डमध्ये कापून छोटं केलं तरी कापलेला भाग आतच राहतो, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' म्हणेपर्यंत जात नाही. प्रत म्हणजे आपण जितकं दाखवलं तितकंच गेलं, अशी खात्री कधीच नसते. लिंक केलेल्या आलेखासोबत त्याचे स्वतःचे आकडे जातात, पगाराची शीट आपल्या जागी राहते.

लिंकचे तोटे मी झाकणार नाही, कारण ते माहीत असल्यावाचून लिंक करूच नये. पहिला तोटा मार्गाचा. वर्ड बहुतेक वेळा पूर्ण मार्ग लिहून ठेवतो: कोणती ड्राइव्ह, कोणता वापरकर्ता, कोणता फोल्डर. तोच फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला की ड्राइव्हही वेगळी आणि वापरकर्ताही वेगळा, मग लिंक आंधळी होते. लिबरऑफिस सहसा सापेक्ष मार्ग ठेवतं, म्हणजे 'माझ्या शेजारच्या चित्रं या फोल्डरात'. पत्रावरच्या पूर्ण पत्त्यात आणि 'आमच्या शेजारच्या घरात' या सांगण्यात जो फरक, तोच इथे. अख्खी वस्ती उचलून दुसरीकडे नेली तरी शेजारचं घर शेजारीच राहतं. वर्डवाल्यांसाठी तोडगा आहे, जरा कष्टाचा. ऑल्ट-एफ9 ने सगळी फील्ड उघडायची आणि शोधा-बदला करून जुना मार्ग काढून नवा घालायचा. फील्डमध्ये प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहिलेला असतो, हे ध्यानात ठेवायचं. किंवा ज्या चित्रांचा प्रवास लांबचा आहे त्यांच्यासाठी 'इन्सर्ट अँड लिंक' वापरायचं. त्यात मुळाचा पत्ताही असतो आणि शेवटची दिसलेली नक्कलही. मूळ हाती असेल तेव्हा ताजं घेतं, नसेल तेव्हा निदान रिकामी चौकट दाखवत नाही. रोजच्या कामासाठी ही मधली वाट चांगली आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

फाइलींच्या नावांची शिस्तही लिंकमुळे बदलते, आणि मला हा तिचा सगळ्यात मोठा उपकार वाटतो. प्रती करणाऱ्याच्या फोल्डरात 'नकाशा फायनल', 'नकाशा फायनल 2', 'नकाशा खरंच फायनल' अशी पिलावळ असते. लिंक करणाऱ्याला हे परवडत नाही. त्याचा नकाशा कायम एकाच नावाने राहतो, नवा आला की तो जुन्याच्याच जागी बसतो आणि जुना तारीख लावून 'जुने' फोल्डरात जातो. ती वस्तू काय आहे एवढंच नाव सांगतं, कितव्यांदा बदलली ते सांगत नाही. त्यामुळे आणखी एक गोष्ट होते: ज्याने नकाशा काढला त्याच्याकडेच तो राहतो. सीमारेषेत चूक सापडली तर तो आपल्या फाइलमध्ये दुरुस्त करतो आणि माझ्या पुस्तकात ती सकाळच्या एफ9 ला दुरुस्त होऊन येते. कुणाला मला नकाशा पुन्हा पाठवावा लागत नाही. त्याच्या कामाची एक बेवारस नक्कल माझ्या पोटात पडून नाही, याचं मला समाधान असतं. पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमांत, इनडिझाइनसारख्यांत, ही रीत मुळातच आहे. तिथे लिंक्सची एक पट्टी असते, मूळ बदललं की पिवळा त्रिकोण आणि मूळ हरवलं की लाल प्रश्नचिन्ह. वर्ड प्रोसेसरमध्ये अशी पट्टी सतत डोळ्यांसमोर असती तर किती बरं झालं असतं.

मजकुराचीही लिंक होते हे सांगितलं की लोक चकित होतात. वर्डमध्ये 'इन्क्लूडटेक्स्ट' नावाचं फील्ड आहे, लिबरऑफिसमध्ये विभागाला फाइल जोडता येते आणि मास्टर डॉक्युमेंट, म्हणजे अनेक फाइली जोडून घेणारा एक दस्तऐवज, तोही करता येतो. दहा दस्तऐवजांत तोच व्याख्यांचा परिच्छेद येत असेल तर तो एका फाइलमध्ये ठेवावा आणि दहांतही जोडावा. वर्डमध्ये तर कंट्रोल-शिफ्ट-एफ7 दाबलं की इथे केलेली दुरुस्ती उलट मूळ फाइलमध्येही जाते. वर्डचं मास्टर डॉक्युमेंट मात्र मी वापरत नाही, त्याने फाइली बिघडल्याच्या तक्रारी फार जुन्या आहेत आणि अनुभवी लोक त्यापासून चार हात लांबच राहतात.

दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. लिंकचं टोक आपल्या ताब्यात नसेल तर तिथली वस्तू आपल्या नकळत बदलू शकते. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या अभ्यासकांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या वेबलिंक्सपैकी सुमारे निम्म्या आता मूळ उद्धृत मजकुरापर्यंत नेत नाहीत. काही पानं नाहीशी झाली, काही आहेत पण त्यांत आता दुसरंच काही आहे. निकालपत्राचा आधार असा वितळत असेल तर ती साधी गैरसोय म्हणता येत नाही. ज्यावर सही झाली, ज्याच्या भरवशावर कुणी पैसे दिले किंवा निर्णय घेतला, तो दस्तऐवज नंतर हलता कामा नये. म्हणून दीर्घकाळ जपण्यासाठी 2005 मध्ये आलेल्या पीडीएफ-ए या आयएसओ मानकात सगळं आतच असावं लागतं. फॉन्टसुद्धा आत. दिसणं बाहेरच्या कशावरही अवलंबून असलेलं चालत नाही. अभिलेखागारांची ही भूमिका मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मताशी तिचं भांडण नाही. त्यांना संपलेलं काम जपायचं असतं, मी चालू कामाबद्दल बोलते आहे.

तिसरा धोका सुरक्षेचा. ज्या यादीत 'एक्स्टर्नल' पत्ते असतात, तिच्यात दुष्ट हेतूनेही पत्ता लिहिता येतो. मे 2022 मध्ये 'फोलिना' या नावाने गाजलेला दोष याच वाटेने आला होता. वर्डच्या फाइलमधली बाहेरची लिंक दूरच्या सर्व्हरवरून एक पान ओढायची आणि त्यातून विंडोजच्या निदान-साधनामार्फत हल्लेखोराच्या आज्ञा चालायच्या. मायक्रोसॉफ्टने पुढच्या महिन्यात तो बुजवला. तेव्हापासून अनोळखी माणसाकडून आलेला दस्तऐवज उघडताना 'लिंक्स अपडेट करू का' असा प्रश्न आला की मी नाही म्हणते. आपल्या फोल्डरातल्या आपल्या फाइलींच्या लिंक वेगळ्या आणि कुणाच्या तरी सर्व्हरकडे जाणारी लिंक वेगळी.

सगळंच लिंक करावं असंही नाही. पुन्हा कधी न बदलणारं चिन्ह, एकदाच लागणारा पडद्याचा फोटो, दोन पानांचं पत्र, यांत प्रत बरी. ज्याचं मूळ जिवंत आहे, ज्याच्यावर कुणीतरी अजून काम करतं आहे, त्याच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही.

काम पुरं झालं की उरतो पाठवण्याचा दिवस. त्या दिवशी शेवटचं एफ9, मग सगळे तक्ते मूळ फाइलींशी एकदा ताडून पाहणं. त्यानंतर दस्तऐवजाची वेगळ्या नावाने नक्कल घ्यायची आणि त्या नकलेतच लिंक्स तोडायच्या. चित्रांसाठी लिंक्सच्या यादीत 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट' आणि मग 'ब्रेक लिंक'. फील्डांसाठी सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ9, पण अनुक्रमणिका आणि पानांचे क्रमांकही फील्डच असतात, म्हणून ते आधी ताजे करून घ्यायचे. आलेखांची यादी एकदा पाहायची, कुणी नजरचुकीने अख्खं वर्कबुक तर आत घातलं नाही ना. मग पीडीएफ-ए काढायची आणि ती पाठवायची. लिंक असलेला दस्तऐवज आणि त्याचा चित्रांचा, आकड्यांचा फोल्डर जिथल्या तिथे राहतो. दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं की तोच उघडायचा.